काळं इंजिन फोटोत राखाडी का येतं, आणि त्यावर काय करायचं

चौथऱ्यावर ठेवलेल्या वाफेच्या इंजिनाचे फोटो मी पहिल्यांदा काढले, तेव्हा ते शेजारच्या काकांना दाखवायला घेऊन गेलो. काका मीटरगेजच्या काळात पूर्णेला फिटर होते. त्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "इंजिन तर चांगलं हाय, पण हे असं राखंवाणी का दिसायलंय? शेडातून बाहीर निघायचं तवा त्याच्यात आपलं तोंड दिसायचं बाबा."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी लांबून, मागे आकाश घेऊन काढले. काकांनी पाहिलं आणि मान हलवली. "आता नुसता कोळसा झालाय. चाकं कुठंयत?"

इंजिन तेच, कॅमेरा तोच, ऊनही तेच. एकदा राख, एकदा कोळसा. जिनिंगमधलं जुनं ऑइल इंजिन, झाडाखाली उभा असलेला रोड रोलर, सायडिंगला लागलेला रेल्वेचा डबा, गुऱ्हाळातला लोखंडी चरक यांचे फोटो काढणारे मित्र हीच तक्रार सारखी घेऊन येतात. उत्तर दर वेळी तुकड्यातुकड्यात देत आलो, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय.

आधी दोष कुठला ते ओळखा

फोटो राखाडी आला की बहुतेक जण घरी येऊन एडिटिंगमध्ये काळा रंग ओढायला लागतात. मीही वर्षभर तेच केलं. त्याने बॉयलर काळा होतो, पण चाकांमधला, जोडदांड्यांमागचा तपशीलही काळोखात जातो आणि पितळी पाटीवरचा जळलेला पांढरा डाग काही परत येत नाही. चूक फोटो काढताना झालेली असते, ती तिथेच दुरुस्त व्हायला हवी.

तिथे उभं राहून एक साधी चाचणी करा. कॅमेरा ऑटोवर ठेवा. पहिला फोटो इतका जवळून काढा की चौकटीत फक्त बॉयलर दिसेल. मग मागे या, अर्ध्या चौकटीत आकाश येऊ द्या आणि दुसरा काढा. पहिला राखाडी आणि दुसरा काळाकुट्ट आला, तर दोष कॅमेऱ्याच्या मोजण्यात आहे. दोन्ही राखाडी आले, तर धूळ किंवा आकाशाचं प्रतिबिंब यांच्याकडे वळा. फोनवर दोन्ही राखाडी आणि वर रंगवल्यासारखे गुळगुळीत आले, तर तो फोनचाच प्रताप, त्याचंही खाली लिहिलंय.

कॅमेरा काय मोजतो

समोर इंजिन आहे की म्हैस आहे, हे साधं मीटर ओळखत नाही. समोरच्या वस्तूंवरून परतून येणारा उजेड ते मोजतं आणि त्या सगळ्याची सरासरी मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारी, आहे असं धरून चालतं. चांगल्या काळ्या रंगाचं इंजिन ४-५ टक्केच उजेड परत फेकतं. चौकट इंजिनाने भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो जवळजवळ दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड आत घेतो आणि काळ्याचं राखाडी करून ठेवतो. चौकटीत मार्च-एप्रिलचं पांढरंफेक आकाश आलं की उलट होतं. कॅमेरा उजेड कमी करतो आणि इंजिन कोळसा होतं.

एकदा हे कळलं की उपाय सरळ आहे. इंजिन मोजायचंच नाही, त्याच्यावर पडणारं ऊन मोजायचं. तुम्ही जवळ जा, लांब जा, डबा लाल असो की इंजिन काळं असो, ऊन तेवढंच असतं.

स्वच्छ उन्हासाठी जुन्या फिल्मवाल्यांचा हिशेब आजही चालतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ ठेवलं, तर शटर, म्हणजे उजेड आत येण्याची वेळ, आयएसओच्या (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील त्याच्या) आकड्याएवढं. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. एवढं लहान अ‍ॅपर्चर नको असेल, तर एफ ८ आणि १/४०० हे त्याच मापाचं. मॅन्युअलवर हे लावा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोत काळं किती, पांढरं किती हे दाखवणारा आलेख) बघा. दिवाळी ते संक्रांत या काळातल्या निरभ्र दिवसात हा हिशेब आपल्याकडे फारसा चुकत नाही. ढग असेल किंवा धुरळा असेल, तर स्वतःचा तळहात त्याच उन्हात धरा, चौकट तळहाताने भरा, कॅमेरा सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड घ्या आणि ते आकडे मॅन्युअलवर कायम करा. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून ही भर.

अधिक-उणे बटणाने उणे एक, उणे दीड असं करूनही काम भागतं, मी अडवत नाही. पण मग प्रत्येक चौकटीला आकडा बदलावा लागतो. दोन पावलं मागे आलात, आकाश थोडं जास्त आलं, की उणेचं अधिक करा. इंजिनाभोवती फिरताना हे ध्यानात राहत नाही. मॅन्युअलवर एकदा बसवलेलं माप ढग येईपर्यंत तसंच राहतं.

आकडे बसले की जळण्याची खूण दाखवणारी, म्हणजे जास्त उजेडाने पांढराफटक झालेला भाग लुकलुकवणारी सोय चालू करा. दांड्याचं उघडं पोलाद, पितळ आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्या लुकलुकल्या तर १/३ स्टॉप खाली या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल, तर काळ्यातला तपशील नंतर उचलता येतो. जळालेलं पितळ परत मिळत नाही.

माप बरोबर, तरी राखाडी

मग बोट फिरवून बघा. खरंच. काळ्या मातीचा धुरळा आपल्याकडे होळीपासून मृगापर्यंत प्रत्येक गोष्टीवर बसतो. धुळीने माखलेलं इंजिन काळं नसतंच, ते खरोखर राखाडी असतं आणि कॅमेरा खरं सांगत असतो. अशा वेळी मालकाला किंवा रखवालदाराला विचारून कोरड्या मऊ फडक्याने झटका. जळकं ऑइल किंवा डिझेल मारून चकाकी आणायचा मोह बऱ्याच ठिकाणी दिसतो. कृपा करून ते करू नका. आठवडाभरात त्यावर दुप्पट धूळ चिकटते, आणि जुन्या रंगावरच्या हाताने काढलेल्या रेघा, अक्षरं त्या पुसण्यात निघून जातात. तो रंग पुन्हा कुणी लावणार नसतो.

मला विचाराल तर सगळ्यात चांगला दिवस मृगाच्या सरी पडून गेल्यावरचा. धूळ धुतलेली असते, ओला रंग कोरड्यापेक्षा गडद दिसतो आणि ढगाळ उजेडात चाकांमागे काळोख साचत नाही. एका जूनमध्ये आदल्या रात्री पाऊस झाला म्हणून मी सकाळी सहाला निघालो. त्या दिवशीचा फोटो काकांनी घरी लावायला मागून घेतला.

आकाशाचं प्रतिबिंब

धूळ नाही, मापही नीट आहे, तरी बॉयलरच्या वरच्या भागावर दुधाळ साय आल्यासारखी दिसते. ते आकाश आहे. तेलरंग चकचकीत असतो, त्यात वरचं सगळं उतरतं. इथे पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायची, प्रतिबिंब कमी करणारी काच, कामाला येतो, पण त्याच्याबद्दल दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत.

पहिला असा की तो कुठूनही चालतो. तसं नाही. डब्याच्या अगदी समोर, काटकोनात उभं राहून फिल्टर कितीही फिरवा, बाजूच्या रंगावरचं प्रतिबिंब हलणार नाही. तुमची नजर डब्याच्या बाजूशी साधारण ३५ अंशांचा कोन करेल असे तिरके उभे राहा आणि मग फिरवा. साय विरघळल्यासारखी निघून जाते आणि खालचा खरा रंग वर येतो. इंजिनाचं तोंड आणि बाजू दोन्ही दिसावीत म्हणून आपण असंही तिरकेच उभे राहतो, तेव्हा हे जमून येतं. बॉयलर गोल असल्यामुळे तिथली सगळी साय एकदम जात नाही. थोडी राहू द्या, तिच्यामुळेच गोलाई कळते. फिल्टरला एक ते दोन स्टॉप उजेड लागतो, ते मॅन्युअलच्या मापात धरायला विसरू नका. माझे पहिले दोन रोल यातच गेले.

दुसरा गैरसमज, की तो पितळावरची चमक घालवतो. रंग, काच, पाणी यांवर तो चालतो, उघड्या धातूवर चालत नाही. पितळी पाटी हा आरसा आहे. तिच्यासमोर जे असेल तेच तिच्यात दिसणार. समोर झाडाची सावली असेल तर पाटी मळकट येते, सूर्य असेल तर जळते. म्हणून तिला चांगलं काहीतरी दाखवा. मी पिशवीत एक धुतलेलं पांढरं धोतर ठेवतो. दोघांनी ते पाटीसमोर थोडं तिरकं, चौकटीच्या बाहेर ताणून धरलं, की पितळ एकसारखं सोनेरी उजळतं आणि कोरलेली अक्षरं काळी उठून दिसतात. सोबत काळी छत्रीही हवी. काळ्या रंगावर नको असलेलं आकाश उतरत असेल, तर तेवढ्या भागासमोर ती उघडून धरायची.

ओतीव लोखंडातली उठावाची अक्षरं मात्र वेगळी. त्यांना समोरचा उजेड मारून टाकतो. एका तालुक्याच्या गावी बाभळीखाली वाफेचा जुना रोलर पाहिला होता. पुढच्या बाजूला मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, म्हणजे एव्हलिंग-पोर्टर. ही कंपनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रोचेस्टरची, आणि तो उभा घोडा केंटचं चिन्ह. भर दुपारी घोडा दिसतच नव्हता, नुसती गंजाची थाळी. संध्याकाळपर्यंत थांबलो, बॅटरी बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरली, आणि आयाळीचा केस न केस सावली टाकून उभा राहिला. अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळायची गरज पडत नाही.

ऊन कुठल्या बाजूला

चौथऱ्यावरचं इंजिन फिरवता येत नाही, त्यामुळे तुम्हालाच ऋतू निवडावा लागतो. पाटी असलेली बाजू दक्षिणेकडे असेल तर हिवाळ्यात जा, दिवसभर ऊन तिथेच असतं. उत्तरेकडे असेल तर हिवाळ्यात तिकडे उन्हाचा थेंबही पडत नाही. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, तेव्हा सकाळी सात-साडेसातला किंवा संध्याकाळी सहाला ती बाजू उजळते.

मे महिन्याच्या मध्याला दुपारी कॅमेरा घेऊन निघूच नका. त्या सुमाराला लातूरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, संभाजीनगरला आणखी चार-सहा दिवसांनी. उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. छपरावर ऊन, आणि चाकं, स्प्रिंगा, ब्रेकचे दांडे सगळे घुप्प अंधारात. यावर कुठलंही माप चालत नाही. उन्हाळ्यात जायचंच असेल तर खाली जमिनीवर पांढरी चादर पसरा, ती चाकांवर उजेड उडवते.

चाकं अंडाकृती, डबा कलंडलेला

हे राखाडीपणाशी संबंधित नाही, पण त्याच फोटोत हमखास असतं. जागा नाही म्हणून वाइड लेन्स लावून जवळून काढलं, की कडेचं चाक ताणलं जातं आणि डबा पुढे अवाढव्य, मागे चिमुकला होतो. आपल्या भागातल्या गाड्यांच्या बाबतीत मला ही चूक फार खटकते, कारण मापं हीच तर त्यांची ओळख होती. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ फक्त ७६२ मिलिमीटर अंतराचे. मीटरगेज १,००० चं, ब्रॉडगेज १,६७६ चं. इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी बार्शी लाइट आखताना एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको असं ठरवलं आणि सगळी गाडी त्या हिशेबात बसवली. १८९७ ला ती बार्शीला सुरू झाली, १९११ ला लातूरला पोहोचली. त्या गाडीचा एखादा डबा किंवा नुसती चाकांची जोडी कुठे दिसली, आणि तुमच्या फोटोत रूळ किती अरुंद आणि त्यावरचा डबा किती रुंद हेच कळलं नाही, तर फोटो काढून न काढल्यासारखा.

लांब जा. ब्रॉडगेजचा जुना आयसीएफ डबा २१ मीटरहून थोडा जास्त लांब असतो. फुल फ्रेम कॅमेरा आणि ५० मिलिमीटर लेन्सने तो बाजूने पूर्ण घ्यायचा तर साधारण ३० मीटर मागे जावं लागतं. एवढी जागा नसेल तर पूर्ण डब्याचा नाद सोडा आणि अर्धा डबा, एक बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), एक दार नीट काढा. कॅमेरा डब्याच्या निम्म्या उंचीवर आणि समतल धरा, वर मान करून धरलात की डबा मागे कलंडतो. रूळ चालू असतील तर मागे सरकताना त्यांच्यावर जाऊ नका. आपल्याकडेही आता वर २५,००० व्होल्टची तार आली आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून वंदे भारत निघाली ती त्याच तारेखालून. उंच केलेला ट्रायपॉड किंवा सेल्फी स्टिक तिच्या जवळपासही नेऊ नका. रेल्वेच्या आवारात स्टेशन मास्तरांना आधी विचारा. काय आणि कशासाठी काढतोय हे नीट सांगितलं, तर मला बहुतेक वेळा चहाही मिळाला आहे.

डब्याच्या आतला प्रश्न मापाचाच, फक्त जास्त टोकाचा. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आत लाकडी बाकांवर अंधार. ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्या आणि जोडा. किंवा कुणाला तरी बाहेरून त्या बाजूच्या खिडक्यांवर चादर धरायला सांगा. मला चादर आवडते, बाकांच्या लाकडावरचा उजेड खरा राहतो.

चालू इंजिन

जिनिंगमध्ये, आटा गिरणीत कुठे कुठे अजून लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन आडोशाला असतं, आणि मालक हौसेने हँडल मारून चालू करून दाखवतात. तेव्हा फोटोत चाकाच्या आऱ्या वाकड्या, केळीच्या पानासारख्या येतात. हा इलेक्ट्रॉनिक शटरचा दोष आहे. तो चित्र एका कडेकडून दुसरीकडे वाचत जातो, आणि तेवढ्यात आरी पुढे गेलेली असते. कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर निवडा.

मग वेग ठरवा. सहा हॉर्सपॉवरचं लिस्टर मिनिटाला ६५० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ३,९०० अंश. १/१००० ला आरी चार अंशही हलत नाही, चाक थांबल्यासारखं दिसतं आणि इंजिन बंद वाटतं. १/३० ला ती १३० अंश फिरते, नुसतं धुकं. मला १/१२५ आवडतो. ३१ अंशांची झुळूक येते, आऱ्या ओळखू येतात आणि चाक फिरतंय हेही कळतं. शेडमध्ये ट्यूबलाइट किंवा हलके एलईडी असतील तर फोटोवर काळे पट्टे येतील, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. तेव्हा १/१०० किंवा १/५० वर या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नको, गमछा नको, ओढणी नको. हाताला गुंडाळा किंवा ट्रायपॉडवर लावा आणि लांबून काढा. लेन्सही तिथे बदलू नका. रुईचे तंतू हवेत असतात, सेन्सरवर चिकटले की पुढच्या शंभर फोटोंत आकाशात केस दिसतात.

फोनवाल्यांसाठी

फोन एका वेळी अनेक फोटो काढून जोडतो आणि सावल्या स्वतःहून उचलतो. माणसाच्या चेहऱ्याला ते बरं, काळ्या लोखंडाला नाही. इंजिनावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढा, स्क्रीनवर काळं काळं दिसेपर्यंत. एचडीआर, म्हणजे हीच जोडाजोड, बंद करता येत असेल तर करा, प्रो मोड असेल तर वर सांगितलेलं उन्हाचं माप तिथे शटर आणि आयएसओने बसवा. अ‍ॅपर्चर फोनमध्ये बहुधा कायमचं असतं, त्यामुळे शटर बरंच जलद येईल, त्याने बिघडत नाही. अर्ध्या झूमची लेन्स वापरू नका, दुपटीच्या लेन्सने मागे जाऊन काढा. फोनमध्ये व्हाइट बॅलन्सही (रंगांची छटा ठरवणारी सोय) ऊन या खुणेवर कायम ठेवा, नाहीतर काळ्याची छटा फोटोगणिक बदलते.

काका आता फार लांब चालत नाहीत. मागच्या हिवाळ्यात त्यांना रिक्षातून तिथे नेलं होतं. मी मापं लावत होतो, ते इंजिनाच्या बाजूने हात टेकवत गेले आणि एका जोडदांड्यापाशी थांबले. म्हणाले, "हितं तेल द्यायचं भोक असतंय, त्याचा नीट काढ. पोरांना ठावं नसतंय." वाकून बघितलं, तर रंगाच्या थराखाली पितळी टोपण होतं. धोतर धरायला दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तेच धरून उभे राहिले. एफ ८, १/४००, आयएसओ १००.